घाटातला तिसरा गिअर

प्रश्न : भाऊ, माह्यापाशी सात वर्सांची डिझेल पिकअप हाये. परतवाड्याहून चिखलदऱ्याले किराणा अन् सिमेंट नेतो, संत्र्याच्या दिवसात अकोल्याचे फेरे असतात. सपाटीवर गाडी बरी चालते, पण घाटात तिसऱ्यात दम तोडते अन् दुसऱ्यात घातली त नुसती ओरडते. एक मिस्त्री म्हणते का मागचा क्राउन-पिनियन बदल, पिकअप वाढते. दुसरा म्हणते का इंजिनच गेलं. कोनाचं आयकू? अन् क्राउन बदलला त नेमकं होते काय, थे बी सांगा.
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : भाऊ, सपाटीवर बरी चालणारी गाडी निव्वळ घाटात दमते म्हणून कोणी इंजिन उघडायला निघालं असेल, तर त्याच्या हातातला पाना आधी काढून घ्या. पहिल्या मिस्त्र्याचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग कळण्यासाठी तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न आधी घेऊ.

इंजिनचं फिरणं गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टवर येतं. शाफ्ट ते मागच्या एक्सलच्या मधोमध दिसणाऱ्या फुगीर गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये नेतो. आत शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन असतो आणि त्याला काटकोनात भिडलेली मोठी क्राउन. समजा पिनियनला 10 दात आहेत आणि क्राउनला 41. मग शाफ्टचे 4.1 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हेच एक्सलचं प्रमाण. फेरे जेवढ्या पटीनं कमी होतात तेवढ्याच पटीनं चाकावरचा जोर वाढतो, थोडीफार घर्षणात जाणारी तूट सोडली तर.

बरं, 41च का, सरळ 40 का नाही? 40 आणि 10 घेतले असते तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राउनच्या त्याच चार दातांवर आदळत राहिला असता. एक दात खराब निघाला की ते चारही खराब. 41 आणि 10 यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात आळीपाळीनं समोरच्या सगळ्या दातांना भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. तुमच्या घाटाशी याचा संबंध नाही, पण क्राउनवरचे दात मोजून विचित्र आकडा आला तर मिस्त्र्यानं भलतंच काही बसवलं अशी शंका घेऊ नका.

मिस्त्री सुचवतो ती अदलाबदल बहुधा अशी असेल : पिनियन 10 ऐवजी 9 दातांचा. 41 भागिले 9 म्हणजे 4.56. एका दाताच्या फरकानं चाकावरचा जोर प्रत्येक गिअरमध्ये 11 टक्क्यांनी वाढला. सायकलच्या मागच्या चाकाला मोठी चकती लावण्यासारखंच हे : पाय तेच, चढ सोपा, पण पायडल जास्त मारावे लागणार. इंजिनची अश्वशक्ती होती तेवढीच राहते, तिच्यात एक घोडाही वाढत नाही.

आता तुमच्या घाटाचा हिशेब मांडू. गाडीचे नेमके आकडे पत्रात नाहीत, म्हणून या वर्गातल्या गाड्यांना साधारण लागू पडतील असे धरतो. टायर 215/75 आर15, ओझ्याखाली त्याचा घेर 2.15 मीटर. दुसरा गिअर 2.2, तिसरा 1.4, चौथा एकास एक, पाचवा 0.83. इंजिनचा टॉर्क 200 न्यूटन-मीटर, तोही 1400 ते 2200 आरपीएमच्या दरम्यान. त्याखाली टर्बो नीट भरत नाही आणि इंजिन मेल्यासारखं वाटतं.

घाटात तुम्ही तासाला 30 च्या वेगानं तिसऱ्यात आहात. 4.1 ला इंजिन फिरतं सुमारे 1335 आरपीएमवर. म्हणजे जोराच्या पट्ट्याच्या खाली, जेमतेम 65 फेऱ्यांनी. 4.56 लावलं की त्याच वेगाला 1483 होतात आणि इंजिन पट्ट्यात येतं. मिस्त्री म्हणतो ते हेच, आणि त्याला अनुभवानं हे बरोबर दिसलेलं असतं.

पण चढ किती आहे त्यावर पुढचं अवलंबून आहे. गाडी मालासकट 3 टन धरू. 100 मीटरला 9 मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसतं वर जायला 270 किलोची ओढ लागते, टायरच्या अडथळ्याला आणखी 45. एकूण 315. तिसऱ्या गिअरमध्ये वाटेतली तूट वजा जाता चाकांपर्यंत पोचतात साधारण 295 किलो. कमी पडले, गाडी मरत मरत थांबते. 4.56 ला ते 328 होतात आणि तोच चढ तिसऱ्यात निघून जातो. पुढच्या वळणावर चढ 9 वरून 10 टक्के झाला की लागतात 345 किलो, आणि नवीन क्राउनही हरली. पुन्हा दुसरा गिअर.

मिस्त्र्यानं न सांगितलेला अर्धा भाग इथे आहे. तुमची खरी तक्रार दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधल्या दरीची आहे. 2.2 आणि 1.4 यांच्यात दीडपटीहून जास्त अंतर आहे. क्राउन बदलल्यानं सगळे गिअर एकदम सरकतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. आज जी दरी 8 टक्क्यांच्या चढावर भेटते ती उद्या 9 टक्क्यांवर भेटेल. गाडी कमी वेळा अडेल हे खरं, पण अडायची थांबेल असं नाही. शिवाय दुसरा गिअर आज ओरडतो त्याहून 11 टक्के जास्त ओरडेल.

आणि त्या ओरडण्याला एवढं भिऊ नका. 30 च्या वेगाला दुसऱ्यात इंजिन फिरतं 2100 च्या आसपास. हे बरोबर जोराच्या पट्ट्यात आहे, इंजिनला तिथेच बरं वाटतं. आपल्याकडे ड्रायव्हरला लहानपणापासून शिकवलेलं असतं की आवाज आला म्हणजे डिझेल चाललं, गिअर टाक. त्यापायी तो चढावर तिसऱ्यात इंजिन कोंडून चालवतो. कोंडलेल्या इंजिनात ॲक्सिलेटर दाबून ठेवला की धूर निघतो, उष्णता वाढते, क्लच घासला जातो. घाटात 25-30 ला दुसरा टाकून निवांत चढलात तर गाडीचं काहीही बिघडत नाही. 40 ला नेली तर मात्र 2800 होतात, तेव्हा ओरडणं खरं.

एक्सलचं प्रमाण बदलून गाडीचा धंदा बदलायची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचं प्रमाण होतं 4.88, म्हणजे 39 आणि 8 दात. युद्ध संपता संपता, 1945 मध्ये, कंपनीनं तीच गाडी सीजे-2ए या नावानं नागरिकांना विकायला काढली. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं शेतकऱ्याचं : नांगर ओढायचा, यंत्रं फिरवायची, चिखलातून ट्रेलर न्यायचा. त्या गाडीला त्यांनी 43 आणि 8 दात दिले, 5.38. फरक दहा टक्क्यांचा, तुमच्या मिस्त्र्याच्या प्रस्तावाएवढाच. रस्त्यावरचा वेग गेला आणि शेतातला जोर आला, पण गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतल्या त्या जीपा याच घराण्यातल्या. आणि आज आपल्याकडे जुन्या जीपची हौस असणारे लोक नेमका उलटा उद्योग करतात, छोट्या आकड्याची क्राउन शोधून बसवतात, कारण त्यांना जीप हायवेवर पळवायची असते. अवजड गाड्यांच्या माहितीपत्रकातही हे दिसतं : खाणीत चालणाऱ्या टिपरच्या एक्सलचा आकडा मोठा, लांब पल्ल्याच्या ट्रकचा लहान.

म्हणून प्रश्न असा की तुमचे किलोमीटर कुठे जातात. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या आसपास. म्हणजे सातशे मीटर चढायचे, आणि तेवढे रोज चढत असाल तर 4.56 ला अर्थ आहे. पण संत्रा निघाला की तुम्ही अंजनगाव, अकोटमार्गे सपाटीवर धावता. तिथे पाचव्यात 80 ला 2110 ऐवजी 2345 आरपीएम लागतील, दिवसभर. डिझेल जास्त, आवाज जास्त, आणि प्रॉपेलर शाफ्टही त्याच प्रमाणात जास्त फिरणार. त्याचे जॉइंट ढिले किंवा शाफ्टचं बॅलन्स गेलेलं असेल तर आधी न जाणवणारी थरथर आता जाणवू लागेल.

मीटरचाही घोळ होतो. ज्या गाड्यांत वेग मोजणारा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, तो शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. क्राउन बदलल्याची त्याला खबर नसते. गाडी 72 नं जात असताना मीटर 80 दाखवेल. मालवाहू गाड्यांना 80 च्या वेगमर्यादेचा गव्हर्नर असतो, तो मीटरचंच ऐकून डिझेल आवळेल, म्हणजे तुमची खरी मर्यादा 72 वर आली. शंभर किलोमीटरचा फेरा 111 म्हणून नोंदवला जाईल, मग ऑइल बदलायची तारीख, टायरचं आयुष्य, गाडी विकतानाचं रीडिंग, सगळं फुगलेलं. मीटर नव्यानं जुळवून घेता येतो, पण गव्हर्नरला स्वतः हात लावू नका. फिटनेसच्या वेळी त्याचीच तपासणी होते.

क्राउनकडे वळण्याआधी तुमच्या गाडीचा हरवलेला जोर शोधा. सात वर्षांत तो थोडाथोडा कुठे कुठे गळलेला असतो.

आधी टायर पाहा. मागच्या वेळी टायर घालताना दुकानदारानं "एक नंबर मोठा टाका, गाडी उंच दिसते" असं सांगून 235/75 आर15 घातले असतील, तर घेर सव्वाचार टक्क्यांनी वाढला. याचा परिणाम असा, की तुमचं 4.1 चं प्रमाण गुपचूप 3.93 झालं. गाडी घाटात दमायला हे पुरेसं आहे, आणि इलाज मूळ मापाचे टायर. मालवाहू गाडीच्या आरसी बुकात टायरचं माप लिहिलेलं असतं, ते आणि टायरवरचं माप ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग एअर फिल्टर. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर काय अवस्थेत असतो हे मी वेगळं सांगायला नको. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि पुढे इंजिनकडे जाणारे रबरी होज. यातला एखादा बारीक फाटला किंवा क्लिप सैल झाली की टर्बोनं भरलेली हवा बाहेर जाते. सपाटीवर फारसं कळत नाही, चढावर ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की काळा धूर आणि सुस्तपणा. चिखलदऱ्याच्या माथ्यावर हवा परतवाड्यापेक्षा सातेक टक्क्यांनी विरळ असते, मे महिन्याच्या उकाड्यात ती आणखी पातळ होते. ही तूट भरून काढणं टर्बोचंच काम, आणि हवा गळत असेल तर तो ते कुठून करणार?

क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. ब्रेक धरून राहतो का हे पाहायला दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, चिकटवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तेच तुमचा जोर खात आहे. यातलं कोणतंही एक सापडलं तर क्राउनच्या 11 टक्क्यांपेक्षा जास्त परत मिळू शकतं, आणि त्यापायी सपाटीवर काही गमवावं लागत नाही.

आणि ओझं. सिमेंटची एक गोणी 50 किलोची. दोनच गोण्या जास्त असं म्हणता म्हणता किती होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20 हजारांपासून सुरू होतो, पण ते बाजूला ठेवा. अर्धा टन जादा भरला की 9 टक्क्यांच्या चढावर 52 किलोची जास्त ओढ लागते. क्राउन बदलून मिळणार होती 33.

एवढं करूनही मन क्राउनवरच असेल, आणि गाडी वर्षभर मेळघाटातच, धारणी-सेमाडोह-चिखलदरा अशीच फिरणार असेल, तर बदला. मी आडकाठी करणार नाही. पण काम नीट करा.

आधी आत्ताचं प्रमाण नक्की करा, कोणाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकनं उचला आणि खाली स्टँड द्या. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि सोबत्याला प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यानं डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं, म्हणून दोन फेरे. शाफ्ट चार फेरे आणि वर दहावा हिस्सा फिरला तर 4.1, साडेचार फिरला तर 4.5 च्या आसपास. शाफ्टवर खडूची खूण करायला विसरू नका.

क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि जोडीचा नंबर दोघांवर कोरलेला असतो. भंगारातून एकाची क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन आणून बसवला तर पहिल्याच महिन्यात तो घुंई करून तुम्हाला झोपू देणार नाही. तुमच्याच एक्सलसाठी कंपनी देते अशा प्रमाणांतलंच निवडा. पिनियन लहान झाला की क्राउन बसण्याची जागाही बदलते, आणि काही एक्सलना त्यासाठी आतला कॅरिअरच वेगळा लागतो.

खरं कौशल्य सेटिंगमध्ये आहे. पिनियन किती आत बसला ते शिम घालून ठरवायचं, बेअरिंगवरचा ताण ठरवायचा, दोघांच्या दातांमधला मोकळेपणा डायल गेजनं मोजायचा. तो साधारण मिलिमीटरच्या दीड-दोन दशांशाएवढा असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. मग दातांना रंग लावून फिरवायचं आणि रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटतो का पाहायचं. ठसा काठावर आला तर उघडून परत. डायल गेज न काढता "हातालाच कळते" म्हणणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजा आणि गाडी घरी आणा. नवीन जोडीला कंपनीनं सांगितलेलं हायपॉइड गिअर ऑइलच हवं. पहिले काही शे किलोमीटर रिकामी किंवा अर्ध्या ओझ्यानं चालवा, घाटात नेऊ नका, आणि मग ऑइल बदला. तुमची गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचंही प्रमाण तेवढंच करावं लागेल. नाहीतर फोर बाय फोर टाकल्याबरोबर पुढचं आणि मागचं एक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी मोडून ठेवतील.

कायद्याचं एवढंच : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल चालत नाही. एक्सलच्या आतलं प्रमाण आरसीत लिहिलेलं नसतं, टायरचं माप असतं. तरी कंपनीचा सुटा भाग, पक्कं बिल आणि विमा कंपनीला एक पत्र, एवढं जपून ठेवा.

तुमच्या पत्रातल्या कामाकडे पाहून विचाराल तर मी क्राउनला हात लावणार नाही. टायर, होज, फिल्टर, क्लच तपासा, घाटात दुसरा गिअर टाका.

प्रश्न : माझी पिकअप अकोला-अमरावती हायवे सोडून कुठेच जात नाही. मग उलटं करावं का, छोट्या आकड्याची क्राउन टाकून मायलेज वाढेल?
— एक वाचक, अकोला

उत्तर : थोडं वाढेल, पण खर्च वसूल होईपर्यंत गाडी म्हातारी होईल. तुमचा रस्ता पूर्णेच्या खोऱ्यातला, जवळजवळ टेबलासारखा. याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा रस्त्यावर पाचवा गिअर आधीच पुरेसा उंच असतो. क्राउन आणखी उंच केली तर भरलेली गाडी मूर्तिजापूरच्या गर्दीतून उचलताना क्लच जळेल, आणि समोरून वारा असला की पाचव्यातून चौथ्यात यावं लागेल. म्हणजे क्राउननं दिलेलं चौथ्यानं परत घेतलं. मीटरचा घोळ तुमच्याकडेही होईल, फक्त उलट्या दिशेनं : गाडी मीटरपेक्षा जास्त वेगानं पळेल, आणि गव्हर्नर 80 ला रोखतो आहे असं समजून तुम्ही मर्यादा ओलांडलेली असेल.

हायवेवर डिझेल मुख्यतः वारा खातो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून 80 ऐवजी 65 नं गेलात तर तो एक तृतीयांशानं घटतो. अकोला-अमरावती सुमारे 95 किलोमीटर आहे, वेळ जास्त लागेल सोळा-सतरा मिनिटं. शिवाय रिकामं परतताना ताडपत्रीचा सांगाडा काढून ठेवता येत असेल तर काढा, आणि भरून जाताना ताडपत्री फडफडणार नाही अशी चारी बाजूंनी आवळून बांधा. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना मोजून घ्या. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि काटा जास्त दाखवतो.